टीव्हीजवळच्या कॉम्प्युटरची घरघर : शांत पंखा कुठला घ्यावा?

तिसरा मजला | शुक्रवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

परळला वन बीएचके. हॉलमध्ये टीव्ही, त्याखाली सुताराकडून करून घेतलेलं युनिट आणि युनिटच्या मधल्या खणात २०१४ साली मीच जोडलेला कॉम्प्युटर. आडवा कॅबिनेट, लांबून जुना डीव्हीडी प्लेयर वाटावा असा. आत आय३-४१३० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ टीबीची हार्डडिस्क. त्यावर कोडी हे सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर चालतं (बसवलं तेव्हा एक्सबीएमसी म्हणायचे, त्याच वर्षी नाव बदललं). रिमोटवर सगळं चालतं, आई-बाबांच्याही हाताला बसलंय.

दिवसा काही जाणवत नाही. खाली रस्ता, डोक्यावर पंखा चारवर, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. पण रात्री खिडक्या लावून एसी सुरू केला की ह्याची घरघर वर येते. सिनेमात कुणी हळू बोलायला लागलं की आवाज वाढवायचा, आणि लगेच पुढे मारामारी आली की आतून आईचा आवाज, "अरे झोपू दे की!"

आत तीन पंखे आहेत. एक सीपीयूवर, डब्यातून आलेला. मागच्या भिंतीला ८० मिमीचे दोन, बिननावाचे. तिन्ही बदलायचे ठरवलंय. नॉक्टुआ कंपनीचे घेऊ की आर्क्टिकचे? बजेट ३००० रुपये.


विंडोसीट | शनिवार, सकाळी ७:१४

नॉक्टुआ. विषय संपला.

तो चॉकलेटी-बिस्किटी रंग बघून घरचे नाक मुरडतील, तेवढं झाकण पटकन लावून टाका.


फुकट सल्लागार | शनिवार, सकाळी ८:०२

दहा वर्षं जुना डबा आहे. भंगारात द्या आणि टीव्हीला मागे लावायची स्ट्रीमिंगची काडी आणा. पंखाच नाही तर आवाज कसला?


खारीबिस्कीट | शनिवार, सकाळी ९:३०

तिसरा मजला, थांबा. आधी कुठला पंखा ओरडतोय ते बघितलंत का? तिन्ही बदलून आवाज तसाच राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. (एक आरशात.)

रात्री सगळं शांत झाल्यावर झाकण काढा आणि मशीन चालू करा. शिसपेन्सिलीची खोडरबराची बाजू पंख्याच्या मधल्या गोल भागावर, म्हणजे स्टिकर असतो त्याच्या उलट बाजूच्या टोपीवर हलकेच टेकवा. पंखा थांबेल. पात्यात पेन्सिल घालायची नाही, पाती तुटतात. एकेक पंखा असा पाच-सात सेकंद थांबवून ऐका. सीपीयूचा पाच सेकंदच, जास्त नको. जो थांबल्यावर खोली मोकळी वाटेल तो तुमचा चोर.

तिन्ही थांबवूनही आवाज येत असेल तर तो हार्डडिस्कचा, नाहीतर एसएमपीएसचा (आतला वीजपुरवठ्याचा डबा). मग पंख्यांवर ३००० घालवून उपयोग काय?


तिसरा मजला | शनिवार, सकाळी १०:११

खारीबिस्कीट, हे सुचलंच नव्हतं. आज रात्री करतो.

फुकट सल्लागार, काडी घरात आहे, बेडरूमच्या टीव्हीला. पण ह्या डब्यात बाबांनी पंचवीस वर्षांत कॅसेटवर उतरवलेली नाट्यगीतं आहेत, ती मी एकेक करून चढवली. शिवाय बहिणीच्या लग्नाच्या टेप. ते सगळं काडीत कुठे बसवू? आणि बाबांना तो मेनू पाठ आहे. तो बदलला तर मला ऑफिसात दिवसाला चार फोन येतील.


सोल्डरवाला | शनिवार, दुपारी १२:४५

विंडोसीट यांच्याबद्दल आदर आहे, पण विषय संपत नाही, इथूनच सुरू होतो.

पंख्याचा आवाज मुख्यतः वेगावर. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, दाब चौथा हिस्सा राहतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे १५ ही मोठीच उडी आहे. उलट, दोन सारख्या पंख्यांतला एक काढून टाकला तर फक्त ३ डेसिबल कमी. लोक पंखे कमी-जास्त करत बसतात आणि वेगाला हात लावत नाहीत, तिथे फसतात.

दुसरी गोष्ट आकार. ८० मिमीचा पंखा आणि १२० चा, घडण सारखी आणि मिनिटाच्या फेऱ्याही तेवढ्याच असतील तर १२० वाला तिपटीहून जास्त हवा टाकतो. म्हणून तेवढ्याच हवेसाठी मोठा पंखा रमतगमत फिरला तरी चालतं. ८० चा बिचारा धावत असतो.

तिसरी गोष्ट, तुम्हाला हवा लागते तरी किती? सोपा हिशोब आहे. वॅट गुणिले १.७६, भागिले किती अंश तापमानवाढ चालेल ते. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. सिनेमा चालू असताना तुमचं मशीन ६० वॅट धरू. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम चालेल म्हणू. झाले साडेदहा सीएफएम. आर्क्टिकचा १२० मिमीचा पी१२ पूर्ण १८०० फेऱ्यांना कागदावर ५६ देतो. ७०० वर आणला तर हिशोबाने २२. जाळी, फिल्टर, वायरींचं जंजाळ ह्यात निम्मे गेले तरी ११ उरतात. म्हणजे तुमच्या आख्ख्या डब्याला १२० चा एक पंखा ७०० फेऱ्यांवर पुरतो. तीन कशाला?

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यांवर जाऊ नका. कुठली कंपनी किती अंतरावरून, कसल्या खोलीत मोजते त्याचा एकमेकांशी मेळ नसतो. आर्क्टिक तर डेसिबल सोडून सोन ह्या दुसऱ्याच एककात आकडा देते. नॉक्टुआचा एनएफ-ए१२x२५ पूर्ण २००० फेऱ्यांना २२.६ डेसिबल म्हणतात, आणि पंखा खरंच उत्तम आहे. पण तोच पंखा तुम्ही पत्र्याच्या जाळीला चिकटवून बसवलात की कागदावरचा आकडा कागदावरच राहतो.

आणखी एक. डेसिबलच्या त्या मोजणीत, ज्याला ए-वेटिंग म्हणतात, खालच्या पट्टीचे आवाज कमी धरले जातात. १२५ हर्ट्झच्या आसपास १६ डेसिबल वजा होतात. त्यामुळे मीटर म्हणतो शांत, आणि पत्रा घुमत असतो.


विंडोसीट | शनिवार, दुपारी १:२०

बरं, घ्या मग आर्क्टिक. नॉक्टुआच्या एकाच्या पैशात दोन-तीन येतील. पण सहा वर्षांची वॉरंटी विसरू नका म्हणजे झालं.


गॅलरीतली तुळस | शनिवार, दुपारी ३:०५

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडेही असंच बंद युनिट होतं, पुढे काच, मागे प्लाय, वायरीपुरतं एक भोक. मुलाने महागातला पंखा आणून बसवला आणि आठ दिवसांत म्हणाला, आधीपेक्षा जास्त आवाज करतोय!

मी उदबत्ती लावली आणि खणाच्या कडेला धरली. धूर मागून बाहेर पडायचा, प्लायला आपटायचा आणि डब्याच्या बाजूने फिरून पुन्हा पुढून आत जायचा. डबा आपलीच गरम हवा परत परत खात होता. मग पंखा वाढवेल नाहीतर काय करेल?

सुताराला बोलावून मागच्या प्लायमध्ये वीतभर चौकोन कापून घेतला, भिंतीपासून युनिट चार बोटं पुढे ओढलं. पंखा तोच, आवाज निम्म्यावर आला. तुमचं युनिट मागून उघडं आहे की बंद?


तिसरा मजला | रविवार, रात्री १२:४०

सगळे झोपल्यावर पेन्सिल-परीक्षा आणि उदबत्ती-परीक्षा दोन्ही झाल्या. आई उठून विचारून गेली, मध्यरात्री कसली पूजा चाललीय.

निकाल असे. मागचे ८० मिमीचे दोन्ही थांबवले की खोली एकदम मोकळी होते. एकच थांबवला तर घरघर राहते पण त्यातली घुंव-घुंव जाते. सीपीयूचा पंखा कोडीवर सिनेमा चालू असताना ऐकूच येत नाही. पण ब्राउझर उघडून नेटवरचा व्हिडिओ लावला की दोन मिनिटांत केस वाळवायचं मशीन होतं. तिन्ही थांबल्यावर मागे एक बारीक, सलग "हूं" उरतो, तो डब्यावर हात ठेवला की हाताला लागतो.

उदबत्ती : तुळसताई, अगदी तुमच्यासारखंच. मागे प्लाय आहे, वायरींचं भोक वाटीएवढं. धूर फिरून पुढे येतो.

मागचे दोन्ही पंखे एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या वायरीवर थेट लावलेत. दहा वर्षांपूर्वी मीच लावले असणार, तेव्हा आवाज आल्याचं आठवत नाही.


सोल्डरवाला | रविवार, सकाळी ८:३०

मग कोडं सुटलंच. मोलेक्सवर, म्हणजे त्या मोठ्या चार पिनांच्या वायरीवर, थेट लावलेल्या पंख्याला पिवळ्या वायरीतून कायम १२ व्होल्ट मिळतात. सिनेमा असो की नुसता मेनू, तो छातीवर हात ठेवून पूर्ण वेगात पळणार. दहा वर्षं पळाला आणि बेअरिंग झिजलं, म्हणून आता आवाज.

घुंव-घुंव म्हणजे दोन पंख्यांच्या वेगातला थोडासा फरक. समजा सात पात्यांचा पंखा २४०० फेऱ्या घेतोय. सात गुणिले २४०० भागिले ६०, म्हणजे २८० हर्ट्झचा सूर. दुसरा २३७० वर असेल तर २७६.५. दोन तानपुरे किंचित बेसूर लागले की जशी लाट येते तशी सेकंदाला साडेतीन लाटा. तुमच्या बाबांना विचारा, ते बरोबर सांगतील.

सगळ्या पंख्यांना एकेक वेग असा असतो की तिथे ते किंवा त्यांच्यामागचा पत्रा गुणगुणतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वेग शंभर-दोनशेने खाली-वर करून बघायचं आणि तो पट्टा टाळायचा.


खारीबिस्कीट | रविवार, सकाळी ९:१५

ब्राउझरची गोष्ट पंख्याची नाहीच. तुमचं प्रोसेसर चौथ्या पिढीचं. नेटवरचे व्हिडिओ आता बहुतेक व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये येतात (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, एचईव्हीसी आणि एच.२६४ ह्याही त्यातल्याच). व्हीपी९ आणि १० बिटचं एचईव्हीसी पुरतं चिपवर सोडवणारं ग्राफिक्स इंटेलने सातव्या पिढीपासून दिलं, एव्ही१ तर अकराव्यापासून. तुमच्याकडे ते सगळं ओझं सीपीयूच्या डोक्यावर पडतं, तो तापतो, पंखा ओरडतो.

ब्राउझरला एक एक्स्टेन्शन मिळतं, ते साइटला एच.२६४ च द्यायला लावतं. ते तुमची चिप झोपेतही खेळवते. फक्त बहुतेक ठिकाणी १०८० पीच्या वर जाता येत नाही. टीव्ही किती पीचा आहे?


तिसरा मजला | रविवार, सकाळी ९:४०

फुल एचडीच आहे. ४के ला युनिटमध्ये जागा नाही आणि खिशातही नाही. एक्स्टेन्शन टाकलं. सीपीयू ९० टक्क्यांवरून १५ वर आला! पंखा हलला सुद्धा नाही. एक रुपया न खर्चता अर्धा आजार गेला.


निवांत नारळ | रविवार, सकाळी ११:००

रुमाल टाकून ठेवतो, माझाही डबा ओरडतो. वर्सोव्याला राहतो, समोर समुद्र. पंख्याचे स्क्रू गंजून जाम, ते सोडवताना एक डोकं उडालं.

उघडलात तर साफही करून घ्या. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर हवेने पंखा पिसाटासारखा फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरता पंखा उलटी वीज तयार करतो ती वेगळीच. माझ्याकडे हीटसिंकच्या (सीपीयूवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) खोबणीत धुळीची गोधडी होती, तिच्याखाली झुरळाची अंडी. ऊब आवडते त्यांना. एका ओळखीच्यांच्या एसएमपीएसमध्ये पाल निघाली होती, सविस्तर सांगत नाही, जेवायची वेळ आहे.


फुकट सल्लागार | रविवार, सकाळी ११:२५

पंख्याचा स्टिकर उचकटून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका. फुकटात काम. आमच्या टेबलफॅनला चालतं.


सोल्डरवाला | रविवार, दुपारी १२:१०

चालतं, महिना-दोन महिने. स्लीव्ह बेअरिंग असेल तर. मग तेल उडतं, त्यावर धूळ बसते, पुन्हा घरघर. तात्पुरतं करायला हरकत नाही.

पण एसएमपीएसच्या पंख्याला तेल घालायला कुणी आतमध्ये हात घालू नका, हे मुद्दाम सांगतो. घरातल्या २३० व्होल्टचे आत सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. तो पंखा ओरडत असेल तर आख्खा एसएमपीएस बदला.


पत्रीपूल | सोमवार, सकाळी ८:५५ (लोकलमधून)

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर थोडं लिहितो, वीस वर्षं त्या भागात हेलपाटे आहेत. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव विचारलंत तर दुकानदारसुद्धा क्षणभर विचारात पडेल. लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ मधला मुंबईचा गव्हर्नर. रस्त्याचं नाव बदलून जमाना झाला, लोकांच्या तोंडून काही जात नाही.

दुकानात "सायलेंट फॅन द्या" म्हणू नका. रंगीत दिवेवाला हातात देतील. "एकशेवीस, पंचवीस मिमी जाड, फोर-पिन पीडब्ल्यूएम, दिवा नको" असं एका दमात म्हणा. (पीडब्ल्यूएम म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर वेग बदलणारा.) माल आणतो का भाऊ म्हणून जरा भाव खाली येतो. पंखा चालवून दाखवतील आणि म्हणतील, ऐका, आवाज आहे का? त्या रस्त्यावर, बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत असताना, पिठाची गिरणीही शांत वाटेल. तो निकष धरू नका. बोटांत धरून बघा, हाताला थरथर लागते का. बंद असताना हाताने फिरवा. अडखळत थांबत असेल तर परत द्या.

खोक्याचं सील बघून घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. मला एका दुकानात (नाव नको) चांगल्या कंपनीच्या खोक्यात दुसराच पंखा भरून दिला होता. कल्याणला घरी येऊन उघडल्यावर कळलं. तिकिटापायी आणि वेळेपायी परत गेलोच नाही.


तिसरा मजला | सोमवार, दुपारी २:१०

मोठा प्रश्न आता हा की १२० चा पंखा लावू कुठे? मागे भोकं ८० चीच आहेत. झाकणाला सीपीयूच्या बरोबर वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी आहे, साधारण हाताच्या पंजाएवढी. कूलरच्या डोक्यापासून झाकणापर्यंत पट्टीने मोजलं तर ४८ मिमी.


सोल्डरवाला | सोमवार, सायंकाळी ७:३०

मग झालं की. २५ चा पंखा झाकणाला आतून, खाली २३ मिमी मोकळे. तेवढे पुरेत.

पोळ्याची जाळी मात्र कापून काढावी लागेल. पात्यांच्या अगदी जवळ, हवा ओढायच्या बाजूला अडथळा असला की प्रत्येक पातं त्याला ओलांडताना फटका मारतं. महागातला पंखाही तिथे शिटी मारतो. गोल भोक करून वर तारेची साधी जाळी लावा.

खिडक्यांचे ग्रिल करणारा कुणी जवळ आहे? कागदावर छापा काढून द्या. १२० च्या पंख्याच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, मध्यापासून मध्यापर्यंत. (१४० ला १२४.५, ९२ ला ८२.५, ८० ला ७१.५.) फक्त झाकण घेऊन जा, आख्खा डबा नव्हे. लोखंडाचा एक कीस मदरबोर्डवर राहिला तर पंख्याचा प्रश्न कायमचा मिटेल.


गॅलरीतली तुळस | सोमवार, रात्री ९:००

झाकणावरून हवा बाहेर काढायची की आत घ्यायची? गरम हवा वर जाते ना, मग बाहेर काढलेली बरी.


सोल्डरवाला | सोमवार, रात्री ९:२५

तुळसताई, उभ्या कॅबिनेटला तुमचं बरोबर आहे. इथे सीपीयूचा कूलर वरून हवा घेऊन खाली बोर्डावर फुंकतो. त्याच्या डोक्यावर बाहेर ओढणारा पंखा लावला तर दोघांची रस्सीखेच. आत फुंकणारा लावला तर वरच्याची हवा खालच्याला आयती. मागची दोन ८० ची भोकं मोकळी सोडायची, हवा तिथून आपोआप निघते. गरम हवा वर जायचा जोर फार थोडा असतो, सावकाश फिरणारा पंखाही त्याला सहज मागे टाकतो.

धूळ मात्र वरून आत येईल, फिल्टर लावा. पंख्याची दिशा चौकटीवरच्या बाणावर बघा. बाण नसेल तर ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पंखा आडवा झोपवून लावणार, तर साधं स्लीव्ह बेअरिंग नको. त्यातलं तेल आणि तोल दोन्ही बिघडतात. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगवाला घ्या.


खारीबिस्कीट | सोमवार, रात्री १०:०५

वायरीचं आत्ताच ठरवा. तुमच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयूचं कनेक्टर खरं पीडब्ल्यूएम असतं, कॅबिनेटच्या पंख्याचं मात्र दिसायला चार पिनांचं आणि आतून नुसतं व्होल्टेज कमी-जास्त करणारं, किंवा तेही नाही. मग नवा पंखा पूर्ण वेगात पळतो आणि माणूस पंख्याला शिव्या देतो. वाय केबल आणा, एका कनेक्टरला दोन पंखे जोडणारी. सीपीयूचा आणि झाकणाचा पंखा दोन्ही सीपीयूच्या कनेक्टरवर. पंख्यांच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात, बेरीज १ च्या आत असली म्हणजे झालं.


तिसरा मजला | पुढचा रविवार, रात्री ११:३०

मंडळी, काम फत्ते. विस्ताराने सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

शनिवारी पत्रीपूलदादांचं वाक्य पाठ करून गेलो. दुकानदाराने विचारलं, "कितने पीस?" मी म्हणालो एक. त्याचा चेहरा पडला. आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम, वाय केबल, तारेची जाळी, फिल्टर आणि थर्मल पेस्टची (सीपीयू आणि कूलरच्या मधे लावायची) छोटी सिरिंज. निम्मं बजेट उरलं.

झाकण आमच्या गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे दिलं. तो म्हणाला, ह्याला भोक पाडायला गेट सोडून येऊ का? पण रात्री दुकान बंद करताना पाडून दिलं, कडा घासून गुळगुळीत करून. पैसे घेतले नाहीत, त्याच्या मुलाच्या लॅपटॉपचं बघायचं कबूल केलंय.

सीपीयूचा कूलर काढला तर जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. पुसून नवी लावली. परत बसवताना चार टाचण्यांतली एक नीट बसली नव्हती, मशीन सुरू केल्यावर बायोसमध्येच ८५ अंश दिसले तेव्हा कळलं. पुन्हा बोर्ड बाहेर, पुन्हा सगळं. तो तास मोजत नाही.

मागचे दोन्ही पंखे काढून टाकले. प्लाय सुताराऐवजी मीच करवतीने कापला, फार सुबक नाही पण मागेच आहे. युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे. आता उदबत्तीचा धूर मागून सरळ वर जातो.

बायोसमध्ये ५५ अंशांपर्यंत वेग सगळ्यात कमी ठेवला. पंखा वाढवायच्या आधी थोडं थांबण्याची सोय त्यात होती, ती जास्तीत जास्त केली, नाहीतर मेनू उघडला तरी दचकून वेग घ्यायचा. सिनेमा चालू असताना झाकणाचा ६८० फेऱ्यांवर. खोली ३० अंश, सीपीयू ५४. एसी बंद करून दुपारी बघितलं तर ५९.

घरघर गेली. घुंव-घुंव गेली. तो बारीक "हूं" मात्र राहिलाय.


खारीबिस्कीट | सोमवार, सकाळी ८:१०

अभिनंदन! हूं हार्डडिस्कचा. ७२०० फेऱ्यांची असेल तर १२० हर्ट्झ, ५४०० ची असेल तर ९०. डिस्क पत्र्याला देते, पत्रा पायांतून प्लायला, आणि आख्खं युनिट ढोलाचं काम करतं. डब्याखाली काहीतरी मऊ ठेवा.


फुकट सल्लागार | सोमवार, सकाळी ८:४५

जुनी हवाई चप्पल कापा. चार तुकडे, चार कोपरे.


तिसरा मजला | सोमवार, रात्री १०:५०

फुकट सल्लागार, तुम्हाला साष्टांग. बाबांच्या जुन्या चपलेचे चार तुकडे. हूं गेला! आता डब्याला कान लावला तरच कळतं चालू आहे म्हणून. बाबांना न विचारता कापली, ती नव्या जोडीची होती असं नंतर कळलं.


विंडोसीट | सोमवार, रात्री ११:०५

रहिवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि हे लोक २२ वरून भांडतायत. खाली बाइकवाले काय करतात ते बघा जरा. तरी नॉक्टुआ घेतला असता तर चप्पल वाचली असती.


सोल्डरवाला | सोमवार, रात्री ११:२०

चप्पल कशी वाचली असती? डिस्कला पंख्याचा ब्रँड कळत नाही. :)

तिसरा मजला, फिल्टर पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. तुमच्याकडे बांधकामं किती चाललीत त्यावर मधे आणखी एखादवेळ.


तिसरा मजला | मंगळवार, सकाळी ९:०५

नक्की. निवांत नारळ, तुमच्या डब्याचा नवा धागा काढा, मी येतो पेन्सिल घेऊन.

काढलेले ८० मिमीचे दोन पंखे पडून आहेत. कुणाला हवे असतील तर परळ स्टेशनला देईन. एकाचं बेअरिंग गेलंय, दुसरा बरा आहे.


पत्रीपूल | मंगळवार, सकाळी ९:१२ (लोकलमधून)

बरा असलेला मला द्या. दुकानातल्या इन्व्हर्टरच्या मागे लावतो, तिथे कितीही ओरडला तरी चालेल. उद्या ८:२० ला परळच्या पुलावर, कल्याणकडच्या टोकाला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.